काही न घडलेला दिवस

प्रवासवर्णने वाचून पुष्कळांचा असा समज होतो की, प्रवास म्हणजे वादळे, चुकलेल्या वाटा आणि थोडक्यात टळलेली संकटे. परंतु ज्याने पायी लांबचा पल्ला गाठला आहे, त्याला ठाऊक असते की बहुतेक दिवस तसे नसतात. ते नुसते चालण्याचे असतात. आणि भूमीची खरी ओळख बहुधा अशाच दिवशी होते.

मार्गशीर्षातील एका सकाळी एक वाटसरू मुरबाडहून सिद्धगडाच्या दिशेने निघाला. कल्याणहून निघून रायत्याला उल्हास नदी ओलांडून तो आदल्या दिवशी मुरबाडास पोचला होता. आता म्हसा गावावरून गडाचा पायथा गाठावयाचा होता. पूर्वेकडे सह्याद्रीची भिंत उभी होती. सूर्य तिच्या मागून वर येत असल्यामुळे पायथ्याच्या वाड्यांवर ऊन उशिरा पोचते. गवतावर दव तसेच होते.

भाताची कापणी आटोपली होती. कापलेल्या भाताच्या खुंटांमधून वालाची कोवळी रोपे डोकी वर काढीत होती. पावसाळ्यानंतर जमिनीत जी ओल उरते, तिच्यावरच हे दुसरे पीक वाढते. पहिल्या पिकाने मागे ठेवलेले दुसऱ्याच्या उपयोगी पडते. पायवाट बांधांच्या कडेने वळत होती. जवळचा मार्ग शेतातून गेला असता. पण पेरलेली जमीन तुडवून वेळ वाचवावा, असे या मुलखातील वाटेला कधी वाटलेले दिसत नाही. पौष पौर्णिमेच्या यात्रेत गुरांच्या बाजाराने गजबजणारे म्हसा गाव त्या दिवशी अगदी शांत होते.

दुपारी वाटेवर एक खळे लागले. ते शेणाने स्वच्छ सारवलेले होते. दोघे तरुण भाताचे भारे झोडीत होते आणि एक बाई सुपाने भात वारवीत होती. पेंढ्याच्या सावलीत बसलेल्या वृद्धाने हाक मारली, “या पाहुणे, जरा टेका. पाणी घ्या.”

पाणी पिऊन झाल्यावर वाटसरूने विचारले, “आजोबा, यंदा काय विशेष?”

“विशेष काही नाही. भात कापले, खळ्यावर आणले. मध्ये काही घडले नाही, हेच मोठे,” वृद्ध म्हणाला.

वाटसरूला या उत्तराचा अर्थ थोडे पुढे गेल्यावर उमगला. कापलेले भात शेतात वाळत पडलेले असताना अवकाळी पाऊस आला, तर दाणा काळा पडतो, त्याला कोंब फुटतात आणि चार महिन्यांचे कष्ट वाया जातात. प्रवासी ज्या दिवसाला नीरस म्हणतो, तोच दिवस मिळावा म्हणून शेतकरी आकाशाकडे डोळे लावून बसलेला असतो.

पुढे गोरखगड आणि मच्छिंद्रगड यांचे सुळके दिसू लागले. मग सिद्धगडाचे रान जवळ आले. याच परिसरात २ जानेवारी १९४३ रोजी पहाटे पोलिसांशी झालेल्या चकमकीत भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांना वीरमरण आले. माथेरानमध्ये १९१२ साली जन्मलेल्या भाई कोतवालांनी वकिलीचे शिक्षण घेतले होते. गरीब शेतकरी सावकाराच्या पाशातून सुटावा म्हणून त्यांनी धान्याची कोठारे उभारली. १९४२ च्या चळवळीत त्यांच्या आझाद दस्त्याने मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडले. त्यांच्या बलिदानाचा दिवस इतिहासात नोंदला गेला. पण खळ्यावरचे भात पिकवणाऱ्याच्याच घरात जावे, कोणाचेही भय न बाळगता माणसाने आपले काम करावे, असे साधे दिवस सर्वांना लाभावेत, हीच त्या बलिदानामागची इच्छा होती.

सायंकाळी पश्चिमेचे ऊन सिद्धगडाच्या कड्यावर पडून तो तांबूस झाला. गुरे वाडीकडे परतली. वाडीत मुक्कामाला थांबलेल्या वाटसरूने दिव्याच्या उजेडात आपली वही काढली व लिहिले : ‘आज विशेष काही घडले नाही.’ असे वाक्य त्याने पूर्वीही अनेकदा लिहिले होते. समाधानाने मात्र ते त्या दिवशी प्रथमच लिहिले.