तीन किलोचा हिशोब

‘पेरूला जाऊन आले’ असं सांगितलं की होस्टेलमध्ये पहिला प्रश्न ठरलेला असतो, "पेरू खायला एवढ्या लांब?" हा विनोद मी आतापर्यंत किमान चाळीस वेळा ऐकलाय. म्हणून तो इथे एकदाचा छापून टाकते आणि पुढे जाते.

तर झालं असं, की अमेरिकेत नोकरी करणारी माझी मावसबहीण, म्हणजे आमची ताई, तिच्या ऑफिसातल्या ग्रुपबरोबर इन्का ट्रेलला निघाली होती. चार दिवस अँडीजच्या डोंगरांतून, इन्कांनी बांधलेल्या दगडी वाटेवरून चालायचं आणि चौथ्या दिवशी माचू पिच्चूला पोहोचायचं. "परीक्षा संपते ना तुझी? चल!" ताई म्हणाली. पण हे काही एस.टी.चं रिझर्व्हेशन नव्हे. या वाटेवर दिवसाला जास्तीत जास्त ५०० माणसांना सोडतात, तेही गाईड आणि पोर्टर धरून. परमिट पासपोर्टच्या नंबरावर मिळतं आणि नंतर नाव बदलता येत नाही. त्यामुळे ताईने सहा महिने आधीच माझं नाव घालून टाकलं होतं. बाबांनी खर्चाचा आकडा ऐकून दोन दिवस मौन पाळलं. बरंचसं ताईनेच भरलं म्हणून मी जाऊ शकले, हेही इथे कबूल केलेलं बरं.

माझी तयारी जोरात होती. मी सह्याद्रीतली ट्रेकर! कळसूबाई तीनदा झालेलं. पण कळसूबाई १६४६ मीटर आणि आम्ही विमानातून उतरलो ते कुस्को शहरच ३४०० मीटरवर. हॉटेलचा एक जिना चढून गेले आणि पलंगावर बसून धापा टाकू लागले. तिथे सगळे कोकाच्या पानांचा चहा पितात, तो प्यायले. चव म्हणाल तर गवती चहातून चहा आणि साखर दोन्ही काढून टाकल्यासारखी. पहिले दोन दिवस विरळ हवेची सवय होण्यासाठी नुसतं हिंडायचं, असं गाईडने बजावलं होतं.

त्या दोन दिवसांत आम्ही ओयांतायताम्बो पाहिलं. इन्कांनी पंधराव्या शतकात उभारलेल्या या गावाच्या वर एक अर्धवट राहिलेलं सूर्यमंदिर आहे. त्याच्या भिंतीत गुलाबी दगडाच्या सहा प्रचंड शिळा शेजारी शेजारी उभ्या केलेल्या आहेत. दगडाची खाण नदीच्या पलीकडे, समोरच्या डोंगरावर. म्हणजे तिकडून शिळा खाली उतरवायच्या, नदी पार करायच्या आणि इकडचा चढ चढवायच्या. इन्कांकडे चाक नव्हतं, लोखंड नव्हतं, घोडा-बैल नव्हता. लामा होता, पण तो पंचवीस-तीस किलोच्या वर ओझं घेत नाही. माझ्यातला इंजिनिअर जागा झाला. उताराचा कोन काय, घर्षण किती, किती दोर लागले असतील, असं माझं सुरू झालं. दगड कसे घडवले त्याचं उत्तर ज्याँ-पियेर प्रोत्झन या वास्तुतज्ज्ञाने १९८० च्या दशकात स्वतः प्रयोग करून दाखवलं होतं. नदीतले कठीण गोटे घ्यायचे आणि ठोकत राहायचं. बस्स. यंत्र नाही, जादू नाही. परग्रहवासी तर मुळीच नाहीत.

खाणीपासून मंदिरापर्यंतच्या वाटेवर काही शिळा मध्येच पडून राहिल्या आहेत. त्यांना तिथले लोक ‘थकलेले दगड’ म्हणतात. किती छान नाव, म्हणून मी डायरीत लिहून घेतलं. दगड थकले! ओढणारी माणसं थकली असतील, हे त्या वेळी माझ्या डोक्यातही आलं नाही. इन्का राज्यात कर पैशात नव्हता, कष्टात होता. ‘मिता’ म्हणत त्याला. पाळी आली की घरटी माणसाने राज्याच्या कामाला जायचं. गाईड हे सांगत होता तेव्हा मी फोटो काढत होते.

आता मूळ गोष्टीकडे येते.

ट्रेल सुरू होतो तो ‘किलोमीटर ८२’ नावाच्या ठिकाणी, रेल्वेमार्गाच्या कडेला. तिथे तपासणी नाका आहे आणि नाक्यावर काटा. पोर्टरच्या पाठीवरचं ओझं तिथे मोजतात, कारण कायद्याने पुरुष पोर्टरला २० किलोच्या वर देता येत नाही. पूर्वी याच्या खूप वर ओझी लादत, म्हणून २००१ साली कायदा करावा लागला. आम्ही १० जण, २ गाईड, १ आचारी आणि १५ पोर्टर. प्रत्येकाला एक बॅग पोर्टरकडे देता येणार होती, स्लीपिंग बॅगसकट ७ किलोची. बाकी स्वतःच्या पाठीवर.

माझी बॅग भरली १० किलो. आईने दिलेल्या चिवडा-बाकरवडीच्या पुड्या, जास्तीचे बूट, जीन्स आणि एक जाडजूड कादंबरी. "यातलं अर्धं हॉटेलात ठेव," ताई म्हणाली. "हो," म्हटलं आणि ठेवलं नाही. नाक्यावर सगळं जास्तीचं सामान माझ्या पाठीवरच्या सॅकमध्ये कोंबलं. काट्यावर माझी बॅग सात किलो भरली. सगळं कायदेशीर!

पहिला दिवस तसा सोपा, पण संध्याकाळी खांदे कापल्यासारखे झाले होते. आमचा तळ साधारण ३३०० मीटरवर होता. दुसऱ्या दिवशी ४२१५ मीटरची खिंड चढायची होती. पहाटे तंबूत, टॉर्चच्या उजेडात, मी ते सगळं सामान गुपचूप पोर्टरकडे जायच्या बॅगेत सरकवलं. आता पुढे कोण मोजतंय? आणि तीन किलो म्हणजे असं काय मोठं! हजेरीच्या प्रॉक्सीला जेवढा अपराध वाटतो, तेवढाच मला वाटला. म्हणजे किती ते वाचकांनीच ठरवावं.

त्या खिंडीचं नाव ‘वार्मिवान्युस्का’, म्हणजे मेलेल्या बाईची खिंड. लांबून डोंगराची कड निजलेल्या बाईसारखी दिसते म्हणून हे नाव. मला मात्र ते माझ्यासाठीच ठेवलंय असं वाटत होतं. वर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण ६० टक्केच. दहा पावलं चालायचं आणि काठीवर वाकून उभं राहायचं. डोकं ठणकत होतं. तेवढ्यात मागून पावलांचा आवाज आला आणि गाईड ओरडला, "डोंगराच्या बाजूला व्हा! पोर्टर!"

आमचे पोर्टर एकामागून एक पुढे गेले. तळ उठवून, भांडी घासून, आमच्यानंतर तासाभराने निघालेली माणसं. त्यातले एक पन्नाशीचे होते. पायात टायरच्या रबराच्या चपला, गालात कोकाची पानं. गाईड त्यांना ‘तायता’ म्हणायचा. क्वेचुआ भाषेत तायता म्हणजे वडील. वयाने मोठ्या माणसाला आदराने तसंच म्हणतात, आपण ‘काका’ म्हणतो तसं. त्यांच्या ओझ्यावर सगळ्यात वर माझी बॅग होती. ओळखू यावी म्हणून आईने बांधलेली लाल रिबीन वाऱ्यावर उडत होती. ती रिबीन वळणाआड जाईपर्यंत मी बघत राहिले.

खिंड ओलांडल्यावर पलीकडे उंच दगडी पायऱ्यांचा उतार आहे. तिथे तायता वाटेच्या कडेला बसलेले दिसले. ओझं शेजारी टेकलेलं, एक हात गुडघ्यावर. गाईड त्यांच्याशी बोलत होता. मग त्यांच्याकडचे तंबूचे खांब दोन तरुण पोरांनी वाटून घेतले. बॅगा तशाच राहिल्या. मी जवळून गेले तेव्हा त्यांनी मान हलवून ‘ओला’ केलं. मी खाली बघितलं आणि पुढे सटकले.

त्या रात्री झोप आली नाही, तेव्हा मी इंजिनिअरिंगचा आधार घेतला. एम जी एच! वस्तुमान ३ किलो, जी ९.८१, चढाई साधारण ९०० मीटर. उत्तर साडेसव्वीस किलोज्यूल. म्हणजे सहा-साडेसहा किलोकॅलरी. ग्लुकोजच्या बिस्किटाचा पाव तुकडा! शरीराची कार्यक्षमता २५ टक्के धरली तरी फार तर एक अख्खं बिस्किट. गणित बरोबर होतं, युनिट्स बरोबर होती. आमच्या सरांनी पैकीच्या पैकी मार्क दिले असते. मी दोनदा तपासलं आणि तरीही झोप लागली नाही. कारण त्या गणितात गुडघा कुठेच नव्हता. नव्वद मिनिटं भांडी घासून झाल्यावर ओझं उचलणं नव्हतं, पन्नाशी नव्हती, चपला नव्हत्या. आणि जे वजन २० किलोच्या वर जातं, ते पहिल्या तीन किलोइतकंच हलकं नसतं, हेही नव्हतं.

सकाळी मी सामान परत माझ्या सॅकमध्ये घातलं. तिसरा दिवस सगळ्यात लांब, साधारण १६ किलोमीटर. वाटेत रुंकुराकायचे गोल अवशेष, ढगांत बुडालेलं फुयुपातामार्का, उतरत जाणाऱ्या शेकडो पायऱ्या. सगळे म्हणतात हा ट्रेलचा सर्वात सुंदर दिवस. मला त्यातलं निम्मं माझ्या बुटांची टोकं म्हणूनच आठवतं. "काय गं, सॅक एवढी कशी फुगली?" ताईने विचारलं. तेव्हा तिला सगळं सांगितलं. ती रागावली नाही, हे जास्त लागलं. एवढंच म्हणाली, "मला नको सांगूस. ज्यांना सांगायचं त्यांना सांग."

पोर्टर माचू पिच्चूपर्यंत आपल्याबरोबर येत नाहीत. शेवटच्या पहाटे तळ गुंडाळून ते खाली गाडी पकडायला उतरतात. त्यामुळे त्यांचा निरोप तिसऱ्या संध्याकाळीच घ्यायचा असतो. सगळे गोल करून उभे राहिलो, टिपचे पैसे दिले, टाळ्या झाल्या. नंतर मी गाईडला घेऊन तायतांकडे गेले. कॉन्व्हेंटमध्ये बारा वर्षं घासलेलं माझं इंग्रजी तिथे गाईडपर्यंतच पोहोचत होतं. पुढची क्वेचुआ त्याने बोलायची.

"त्यांना सांगा, काल माझ्या बॅगेत तीन किलो जास्त होतं. मी लपवून ठेवलं होतं. माझं चुकलं."

गाईडने माझ्याकडे एकदा नीट बघितलं. मग भाषांतर केलं. तायता ऐकत होते. त्यांनी एकच शब्द उच्चारला.

"ते म्हणतात, चार," गाईड म्हणाला.

"नाही, तीनच."

गाईडने खिशातला हुकाचा काटा काढला. मी ते सगळं सामान एका पिशवीत घालून अडकवलं. काटा ३.८ वर थांबला. म्हणजे माझं एवढं सुरेख गणित मुळात वस्तुमानातच चुकलेलं होतं! पोर्टर लोक हसायला लागले, तायताही हसले. मी विचारलं, त्यांना कळलं होतं तर ते बोलले का नाहीत? तायता जे बोलले ते गाईडने असं सांगितलं: "उचललं तेव्हाच कळलं. पण बोललो असतो तर बॅग उघडावी लागली असती, तुम्हाला सगळ्यांसमोर बोलणं बसलं असतं. आणि पुढच्या वेळी मला कामावर बोलावतील की नाही, तेही बघावं लागतं."

शेवटचं वाक्य हसत म्हटलेलं नव्हतं.

चिवडा आणि बाकरवडी त्यांना दिली. एकाला तिखट लागलं, दुसऱ्याने आणखी मागितली. माफी मिळाली का, ते मला ठाऊक नाही. मी विचारलं नाही.

चौथ्या दिवशी पहाटे इंती पुंकू, म्हणजे सूर्यद्वार गाठलं आणि खाली धुक्यातून माचू पिच्चू वर आलं. ते कसं दिसतं हे मी लिहीत नाही. कॅलेंडरवर सगळ्यांनी बघितलंय आणि ते त्याहून सुंदर आहे. सिव्हिलवाल्यांसाठी एक गोष्ट मात्र सांगते. तिथे वर्षाला साधारण २००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि गाव दोन शिखरांमधल्या खांद्यावर आहे. तरी पाचशेहून जास्त वर्षं ते घसरलेलं नाही. केनेथ राइट या अमेरिकन सिव्हिल इंजिनिअरने १९९० च्या दशकात त्याचा अभ्यास केला. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी सुमारे ७५० मीटरच्या कालव्याने आणून १६ कुंडांतून उतरवलंय. आणि त्याच्या अंदाजाने इथल्या बांधकामाचा साधारण ६० टक्के भाग जमिनीखाली आहे. पाया, दगडांच्या चुरीचे थर, पाण्याचा निचरा. जे दिसतं ते उरलेलं ४० टक्के.

वर येणाऱ्या वळणावळणाच्या रस्त्याला हायरम बिंगहॅमचं नाव आहे. १९११ साली त्याला इथवर वाट दाखवणारा मेल्चोर आर्तेआगा हा शेतकरी किती जणांना माहीत आहे? सहल चालू असताना आमचे १५ जण खाली उतरून गाडीची वाट बघत असणार होते. आमच्या ग्रुप फोटोत ते कुणीच नाहीत.

जुलैत होस्टेलला परत आले. माझी ट्रंक रिक्षातून उतरली आणि तिसऱ्या मजल्यावर न्यायला मामा पुढे आले. नेहमीप्रमाणे त्यांनी विचारलं, "जड आहे का गं?" दरवर्षी मी "नाही हो मामा, कपडेच आहेत" असं म्हणते.

"जड आहे मामा," मी म्हटलं. "पुस्तकं आहेत. एक बाजू मी धरते."