पाव तोळ्याची गोळी

मोठ्या पातेल्यांत पळीभर दूध तापवावयास ठेवलें, तर तें लागूं न देणें हें पातेलेंभर दूध सांभाळण्याहून कठीण. ही गोष्ट आमच्या भगिनीवर्गास सांगावयास नको. बंदुकीचेंहि तसेंच असतें, हें मात्र आम्हांस साठी उलटल्यावर, आणि तेंहि अमेरिकेंत, कळलें. ज्या घरांत अंडेंहि कधीं आलें नाहीं अशा घरांतल्या माणसानें शिकारीच्या काडतुसांवर लेखणी चालवावी, याचें वाचकांस नवल वाटेल. परंतु जें पाहिलें तें सांगावयास काय हरकत आहे?

आमची कन्या व जांवई माँटाना राज्यांतील बोझमन या गांवीं राहतात. २०१९ सालच्या शरद् ऋतूंत आम्ही उभयतां तेथें तीन महिने होतों. शेजारीं एक निवृत्त शिक्षक राहत. वय पंचाहत्तरीच्या पुढें, बोलणें मोजकें. दरवर्षीं ऑक्टोबरच्या अखेरीस ते डोंगरांत तंबू ठोकून आठ-दहा दिवस राहात. एल्क, म्हणजे आपल्या सांबराचा थोरला भाऊच म्हणाना, मिळाला तर त्याच्या मांसावर त्यांच्या व त्यांच्या मुलाच्या घरचा हिंवाळा निघे. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यापासून शिकार हा विषयच मिटत गेला. कोंकणांत शेतीच्या राखणीसाठीं परवान्याची ठासणीची बंदूक पाहिली असेल, तेवढाच काय तो आमचा या शस्त्राशीं परिचय.

त्यांची रायफल थर्टी-ऑट-सिक्स या जातीची. १९०६ सालीं अमेरिकन लष्करानें स्वीकारलेल्या काडतुसाची. हें सेंटरफायर काडतूस, म्हणजे ज्याच्या बुडाशीं मधोमध ठिणगी पाडणारी टोपी बसविलेली असते तें. एल्कासाठीं ते वापरीत त्या लांबट गोळीचें वजन १८० ग्रेन. हा आंकडा ऐकतांच आम्ही चमकलों. इंग्रजी अमदानींत १८३३ सालीं जो तोळा ठरविला गेला तोहि नेमका १८० ग्रेनांचा! म्हणजे बरोबर तोळाभर धातु सेकंदास सुमारें २७०० फूट वेगानें नळींतून निघावयाचा.

आतां त्याच डोंगरांत ग्राऊज नांवाचा कोंबडीएवढा पक्षी असतो. त्याची एक जात इतकी भोळी कीं, माणूस झाडाखालीं येऊन उभा राहिला तरी ती फांदीवरून हालत नाहीं. तिकडचे लोक तिला ‘खुळी कोंबडी’च म्हणतात. तंबूंतल्या रात्रीच्या जेवणाला गृहस्थांना हा पक्षी हवा असे. पण त्यावर तोळ्याची गोळी सोडली तर हातीं केवळ पिसें येणार, आणि त्या आवाजानें दरींतले एल्क पलीकडच्या डोंगरावर जाणार. दुसरी हलकी बंदूक बरोबर न्यावी, तर तें जादा ओझें चढावर वाहणारा खांदा आतां राहिला नव्हता. म्हणून त्याच रायफलीसाठीं ते निराळीं काडतुसें घरीं भरीत आणि त्यांतलीं पांच सदर्‍याच्या खिशांत ठेवीत. त्यांत शिशाची साधी वाटोळी गोळी, वजनानें ४५ ग्रेन. आमच्या हिशेबानें पाव तोळा, सोनाराच्या भाषेंत चोवीस गुंजा. वेग सेकंदास हजार फुटांच्या आसपास, म्हणजे आवाजाच्या वेगाहून कमी, त्यामुळें कडाडणें नाहीं. वजन व वेग दोन्हीं उतरल्यामुळें तिचा मारा थोरल्या गोळीच्या जवळजवळ तिसाव्या हिश्श्यावर येतो. ही युक्ति त्यांची स्वतःची नव्हे. गेल्या शतकाच्या आधींच तिकडचे सैनिक घरांतल्या सरावासाठीं मोठ्या काडतुसांत वाटोळी गोळी भरीत असत. आणि २०१३ च्या सुमारास लहान बंदुकीचीं बावीस नंबरचीं काडतुसें दुकानांतून मिळेनाशीं झालीं, तेव्हां अनेकांना ती पुन्हां आठवली.

दारू थोडी कमी घातली कीं काम झालें, असें कोणासहि वाटेल. तसें नाहीं. मोठ्या काडतुसाची दारू मंद जळणारी असते. ती अगदीं थोडी घातली तर नीट पेटत नाहीं, आणि क्वचित् विपरीतच होऊन रायफल फुटल्याचींहि उदाहरणें आहेत. म्हणून पिस्तुलाची झटकन् जळणारी दारू घ्यावी लागते, आणि तीहि नेहमीच्या दारूच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. फार कमी पडली तर तो नुसता फुसका बार ठरत नाहीं. गोळी नळींतच अडकून बसते, आणि तिच्या मागून दुसरी सोडली कीं नळी फुगते. उलट, एवढीशी दारू त्या ऐसपैस पितळी कवचाच्या तळाशीं पडलेली असते. तींत चुकून दुसरें माप पडलें तरी वरून कांहीं कळत नाहीं. भरलेलें काडतूस तोलून पाहावें म्हटलें, तर कवचाकवचांतच वजनाचा फरक दारूच्या मापाच्या जवळपास असतो. तराजू काय सांगणार? नळींतले पीळहि लांबट गोळीसाठीं कोरलेले, दहा इंचांत एक फेरा; जुन्या ठासणीच्या रायफलींत वाटोळ्या गोळीला चार-चार फुटांत एक फेरा पुरे. तेव्हां वेग वाढवावा तर मऊ शिसें पिळांवरून घसरून नळीला फांसतें.

याहून सूक्ष्म गोष्ट टोपीची. पुरा बार उडाला कीं त्याच्या दाबानें कवच मागें रेटून बसतें. हलक्या बारांत तेवढा दाब नसतो. टोपीच्याच धक्क्यानें कवच पुढें ढकललें जाऊन त्याचा खांदा चेपतो व टोपी बाहेर डोकावते. म्हणून गृहस्थांनीं या कामाच्या कवचांचें ठिणगीचें छिद्र मोठें करून घेतलें होतें. पण असें कवच पुढें कधीं चुकूनहि पुर्‍या बाराला वापरतां येत नाहीं. तें जन्मभर वेगळें ठेवावें लागतें.

एके संध्याकाळीं त्यांच्या गाडीखान्यांत आम्ही हें काम पाहात बसलों होतों. फळींतल्या भोंकांत बारा कवचें उभीं होतीं, त्यांतल्या सातांत दारू पडली होती, तोंच घरांत टेलिफोन वाजला. ते उठून गेले. परत आल्यावर क्षणभर थांबले, आणि एक शब्द न बोलतां सातहि कवचें डब्यांत उलटीं करून पहिल्यापासून आरंभ केला. बारा झाल्यावर दिवा जवळ धरून प्रत्येकांत डोकावले, मगच गोळ्या बसविल्या. त्यांच्या एका मित्राची फुगलेली नळी भिंतीवर टांगलेली होती. तिच्याकडे त्यांनीं बोट तेवढें दाखविलें. बार काढण्यापूर्वीं ते बंदुकीचें तोंड एकदां आभाळाकडे करीत व मग सावकाश खालीं आणीत; दारू टोपीजवळ बसावी म्हणून.

घरीं हें सांगितलें तेव्हां सौभाग्यवती म्हणाल्या, “अहो, जीव तो जीव. त्याला तोळा काय आणि पाव तोळा काय!” आमच्या मुलीनें हा आक्षेप दुसर्‍या दिवशीं शेजार्‍यांच्या कानीं घातला. आम्हांस वाटलें ते रागावतील. ते म्हणाले, “तुझ्या आईचें खरें आहे. पुर्‍या बाराला थोडी चूक खपते, याला खपत नाहीं. ही गोळी अशक्त. पंखांत लागली तर पांखरूं झुडपांत शिरतें आणि रात्रभर तडफडतें. म्हणून वीस पावलांपलीकडे मी ती सोडीत नाहीं, आणि डोक्याखेरीज नेम धरीत नाहीं.” यानें घरांत समाधान झालें असें नाहीं. मारणें टाळतां येत असतां तें काटकसरीनें केलें म्हणजे निर्दोष होतें काय, या प्रश्नावर आमच्याकडे दिवाळीच्या चकल्या तळून होईपर्यंत वाद चालला, आणि तो अजून मिटलेला नाहीं. आमच्यापुरतें विचाराल तर, मारणार्‍याचा हात एवढा विचार करीत असेल तर तो बरा, इतकेंच म्हणूं. अधिक म्हणण्याचें धैर्य होत नाहीं.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यांत ते परतले. एल्क मिळाला नव्हता. पांचांपैकीं दोन काडतुसें खर्चलीं होतीं, दोन पक्षी मिळाले होते. तिसरा चाळीस पावलांवर बसला होता, तो तसाच सोडला, असें त्यांनीं सांगितलें. मुलीनें फराळाचें ताट नेऊन दिलें. त्यांना आमच्या तोळ्याची हकीकत फार आवडली होती. मोठ्या छिद्राच्या कवचांची त्यांची एक निराळी पत्र्याची डबी होती. मुलगा किंवा नातू घाईंत तीं नेहमीच्या कवचांत मिसळील, ही त्यांना नित्य धास्ती. कागदाची एक पट्टी व दौत-लेखणीऐवजीं एक जाड काळी खूणलेखणी आमच्यापुढें ठेवून ते म्हणाले, “तुमच्या लिपींत लिहा. ज्याला वाचतां येणार नाहीं तो डबी उघडण्यापूर्वीं मला विचारील.” आम्ही मोठ्या अक्षरांत ‘पाव तोळा’ असें लिहून दिलें आणि त्यांनीं ती पट्टी झांकणावर चिकटविली.