चोरटा वारा

'झुळूक' म्हटले की तुम्हांला सुखच आठवेल. इंग्लंडमध्ये मुलीच्या जुन्या घरी एका हिवाळ्यात मी जो बोचरा, चोरटा वारा अनुभवला, त्याला मात्र नेमका मराठी शब्द मला सापडेना. (माझी आई नुसते 'वारं लागतंय' म्हणे.) रांगत्या नातवाचे तळवे तेथे सदैव गार असत.

आपल्याकडील स्कर्टिंग म्हणजे सिमेंटात बसवलेली फरशीची पट्टी. त्या घरातील पट्टी लाकडी, जमीनही फळ्यांची आणि तिच्याखाली पोकळी. त्या पोकळीतील थंड हवा पट्टीखालच्या फटींतून आत येई. उदबत्तीचा धूर जेथे वाकडा होई, तेथे मी खडूने खूण केली. रुंद फटींत फोमची दोरी दाबली, वरून लवचीक सीलंट भरले. लाकूड ऋतुमानानुसार फुगते-आकसते, त्यामुळे कडक पुट्टी तडकते.

उत्साहाच्या भरात बाहेरच्या भिंतीतील जाळीदार विटाही बुजवायला निघालो, तोच मुलीने हात धरला. "बाबा, त्या राहू द्या. खालचा ओलावा तिथूनच बाहेर पडतो, नाहीतर तुळया कुजतील."

मी सीलंटची नळी खाली ठेवली. आत नातू पायमोजे काढून फळ्यांवर रांगत होता.