पाणी फिरू द्या!

सावित्री नदी बाणकोटला समुद्रास मिळते. तेथून शिडाच्या होडीने खाडीतून म्हाप्रळला जायचे होते. सकाळी सातलाच आम्ही धक्क्यावर हजर. दुपारी सभा असल्याने मी घाई करीत होतो. म्हातारे तांडेल म्हणाले, "भाऊसाहेब, आज चतुर्थी. चारची पाऊणपट तीन. तीनला पूर्ण भरती, म्हणजे नऊपर्यंत ओहोटी. आता निघून रेतीवर रुतलो, तर पाणी आणखी उतरणार. पाणी फिरू द्या."

मी बी.कॉम., पण हा हिशेब मला ठाऊक नव्हता! तिथीची पाऊणपट केली की कोकणात भरतीची साधारण वेळ निघते.

दहाला निघालो. मागून भरतीचा ओढ, पुढे पश्चिमेचा वाराही मिळाला. वळणावर तांडेल बाहेरच्या काठाजवळून होडी नेत. खोल पाणी बहुधा तिथेच असते. उथळ वाटले की बांबूने तळ चाचपत. एकदा होडी टेकलीच. पण चढत्या पाण्याने थोड्याच वेळात तिला उचलले.

सभेला तासभर उशीर झाला. पण सारे सुखरूप पोचलो. वाचकहो, खाडीत उतरताना तिथी पाहा, लाइफ जॅकेट घाला आणि तांडेल "थांबा" म्हणाले, तर वाद घालू नका.