टोपलीतले तिखट मूळ

पोलंडमध्ये पवित्र शनिवारी भाविक अन्नाच्या टोपल्या आशीर्वादासाठी चर्चमध्ये आणतात. त्यांत पाव, मीठ, मांस, लोण्याचे कोकरू आणि रंगवलेली अंडी असतात. कोकरू म्हणजे ख्रिस्त, अंडे म्हणजे नवजीवन, हे वाचकांस ठाऊकच आहे. आम्हांस मात्र त्याच टोपलीतले हॉर्सरॅडिशचे मूळ अधिक मोलाचे वाटते. मोहरीसारखे नाकात झणझणणारे, डोळ्यांत पाणी आणणारे हे मूळ प्रभूच्या दुःखसहनाचे चिन्ह होय. पुनरुत्थानाच्या सकाळी ते अंड्यांच्या जोडीने ताटात असते. आमच्याकडची मार्झिपॅनची अंडी नुसतीच गोड (आम्हांसही ती आवडतात!). परंतु नुकताच पुत्रवियोग झालेल्या मातेच्या दारी सणाच्या दिवशी ती घेऊन उभे राहताना आम्हांस त्या तिखट मुळाची उणीव भासते.