आधी ब्रेकर, मागाहून हुकूम

मे संपता संपता रत्नागिरीत वळवाचा पाऊस येतो तो विजा घेऊनच. अशाच एका रात्री शहराजवळच्या एका उपकेंद्रात 33 केव्हीची लाइन ट्रिप झाली. लाइन लवकरच पुन्हा चालू झाली. अडकला तो अहवाल. स्काडाच्या नोंदीनुसार ब्रेकर आधी उघडला होता आणि रिलेचा ट्रिपचा हुकूम त्यानंतर सेकंदभराने सुटला होता!

"ओ साहेब, हेच लिहून धाडू काय वर?" ऑपरेटरने विचारलं. उपकेंद्रातल्या नोंदी स्काडाकडे पोचवणाऱ्या गेटवेचं सॉफ्टवेअर आमच्याकडे, त्यामुळे प्रश्नही आमच्याकडेच आला.

अहवालापुरता मार्ग सोपा निघाला. रिलेच्या डिस्टर्बन्स रेकॉर्डमध्ये हुकूम आणि ब्रेकरची स्थिती दोन्ही एकाच घड्याळावर होती. हुकूम आधी, ब्रेकर नंतर, मध्ये पन्नास-साठ मिलिसेकंद. म्हणजे यंत्रं ठीक होती, स्काडातल्या त्या दोन नोंदींची घड्याळं जुळत नव्हती.

रिलेच्या घड्याळातलं क्रिस्टल 20 पीपीएमने (दहा लाखांत वीस) चुकलं तरी दिवसाला 1.7 सेकंदांचा फरक पडतो. म्हणून रिलेला जीपीएसची वेळ देतात. इथे छतावरच्या अँटेनाचा कनेक्टर खाऱ्या हवेने हिरवा पडला होता आणि रिले आपल्याच मनाने पुढे धावत होता. त्याने ते लपवलंही नव्हतं. नोंदी पाठवायच्या आयईसी 104 या प्रोटोकॉलमध्ये वेळेसह जाणाऱ्या नोंदीची वेळ सात बाइट्सची असते, त्यात 'ही वेळ धरू नका' असं सांगणारा एक बिट असतो. तो गेटवेतून पुढे गेला होता, पण पडद्यावर वेळ दिसत होती, बिट नाही. माझ्या मते असा बिट गाळणं म्हणजे खोटी वेळ छापणंच.

दुसरी भानगड खोदताना सापडली. गेटवेला वेळेचा हुकूम दोन ठिकाणांहून येत होता, स्थानिक स्काडाकडून आणि वरच्या नियंत्रण केंद्राकडून. दोघांत फरक होता आणि गेटवे दोघांचंही ऐकत होता. घड्याळ मागे सरकलं की नवी नोंद यादीत जुनीच्या खाली जाऊन बसे. शिवाय 104 च्या त्या हुकुमात वाटेत किती उशीर झाला हे मोजायची सोय नाही. नेटवर्कवरून वेळ जुळवणारा एनटीपी निदान जाण्यायेण्याचा वेळ मोजून निम्मा धरतो.

त्या मानाने यूटीसी आणि भारतीय वेळेतला साडेपाच तासांचा घोळ बरा, तो लगेच डोळ्यांत भरतो. खरं तर रत्नागिरीचा सूर्यही प्रमाणवेळेच्या सुमारे 37 मिनिटं मागे असतो, पण कुणाचं अडत नाही, कारण 1906 पासून देशाने 82.5 अंशांचा एकच रेखांश धरला आहे. (मुंबईने त्यानंतरही कित्येक वर्षं आपलं वेगळं घड्याळ चालवलं, ते सोडा.)

आता गेटवे एकाच एनटीपी सर्व्हरचं ऐकतो. बाकीच्यांच्या हुकुमाला नकाराची पोच जाते. लहान फरक तो घड्याळाची गती किंचित बदलून भरून काढतो, उडी मारत नाही. टाइमआउट मोजायला घड्याळाऐवजी कधीच मागे न जाणारा काउंटर घेतला. पडद्यावर शंकास्पद वेळ तांबड्या अक्षरांत येते, शेजारी नोंद पोचल्याची वेळ. वरच्या केंद्राने नकाराबद्दल विचारणा केली, तेव्हा आम्ही दोन्ही घड्याळांच्या नोंदी जोडून पाठवल्या.