बनी तो बनी... चला परभणी!

लाँग वीकएण्ड जवळ आला की आमच्या ठाण्याच्या फ्लॅटमध्ये एकच वाद. महाबळेश्वर की माथेरान? या वेळी मी म्हटलं, 'सेलूला चला!' दोघी रूममेट्स एका सुरात, 'वर्ध्याचं?' नाही गं, परभणीचं! माझं गाव. 'बनी तो बनी, नहीं तो परभणी' ऐकून कान इतके किटले होते, की कॉलेजपासून मी 'औरंगाबादकडची' असंच मोघम सांगत आले.

'पण तिथे बघायचं काय?' या प्रश्नावर माझीच दांडी गुल. अजिंठ्याची डोंगररांग थेट आमच्या शेजारच्या जिंतूर तालुक्यात येते आणि शाळेच्या सहली मात्र कायम वेरूळला! म्हणून दिवाळीत भावाच्या बाइकवर बसून रीतसर रेकी केली.

जिंतूरपासून जेमतेम ३ किलोमीटरवर नेमगिरी. टेकडीतल्या जैन गुहांची दारं इतकी बुटकी, की उंच माणसाला वाकावंच लागतं. आत पार्श्वनाथांची भलीमोठी दगडी मूर्ती एका छोट्याशा दगडावर तोललेली. 'अंतरिक्ष' म्हणतात तिला. मी खाली बसून, मान वाकडी करून बघितलं. कसं काय तोललंय, कळलं नाही. बाहेर आल्यावर वारा, हिरवे उतार आणि आम्ही दोघंच. माथेरानला मिळते का अशी शांतता? तिथून पुढे पूर्णा नदीवरचं येलदरी धरण. संध्याकाळी पाण्याकडे बघत बसायला झकास.

तर मंडळी, प्लॅन असा. मुंबईहून रात्रीची देवगिरी एक्स्प्रेस पकडायची, सकाळी सेलूला उतरायचं. (बुकिंग करताना परभणीचंच सेलू ना, एकदा बघून घ्या!) पहिला दिवस नेमगिरी आणि येलदरी. दुसरा मंठामार्गे लोणार. उल्केच्या धडकेनं काळ्या बेसॉल्टमध्ये पडलेलं, सुमारे १.८ किलोमीटर रुंद विवर आणि तळाशी खारं पाणी. २०२०च्या जूनमध्ये हे पाणी चक्क गुलाबी झालं, मिठात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे. त्याच वर्षी तळं रामसर यादीतही गेलं. गावातलं दैत्यसूदन मंदिर चुकवू नका. उतरायचं असेल तर अर्धा दिवस हाताशी ठेवा, बूट चांगले घाला. आणि मे महिन्यात? विचारसुद्धा नको. पावसाळा सरता सरता ते डिसेंबर, बस्स.

गाडी ठरवायला घरी फोन केला. आईनं सगळा प्लॅन ऐकून घेतला. जेवायला काय करू, हे नेहमीप्रमाणे विचारलं. मग जरा थांबून म्हणाली, 'तीस वर्षं झाली मला इथं येऊन. लोणार लोणार नुसतं ऐकतेच. गाडीत एक जागा व्हईल का गं?'

पुढची सीट आईची. मागे आम्ही तिघी. तळ्यापर्यंत उतरायचं की काठावरूनच बघायचं, ते आता आईचे गुडघे ठरवणार.